लेकरू मागावे, माप देऊ नये



खराडीत जिथे शेते होती, तिथे आज आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आहेत. तिथेच गेल्या एकादशीला हरिपाठ आटोपल्यावर एका तरुण अभियंत्याने मला विचारले, "महाराज, उद्या गर्भातच मुलाची बुद्धी आणि उंची वाढवता आली, तर त्यात वाईट काय? आपण लस देतोच, चष्मा लावतोच ना?" प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याच्या घरी पाळणा हलणार होता. म्हणून उत्तर तुम्हा सर्वांसमोर देतो.

आधी स्वच्छ सांगतो, औषधाला वारकऱ्याचा विरोध नाही. "देव बघून घेईल" म्हणून आजारी लेकराला दवाखान्यात न नेणे ही भक्ती नव्हे, निष्ठुरपणा आहे. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी घरांत सिकलसेल आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लेकरू वेदनेने तळमळते. त्यावरच्या जनुकीय उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रुग्णाच्याच पेशी काढून, दुरुस्त करून परत देतात. तो बदल पुढच्या पिढीत जात नाही. अशा विज्ञानाला माझा दंडवत. तक्रार एवढीच, की अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. झोपडीतल्या मायमाउलीने ती कुठून आणावी?

पण २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई या संशोधकाने भ्रूणांची जनुके बदलली आणि जुळ्या मुली जन्मल्या. ते भ्रूण आजारी नव्हते. एचआयव्हीपासून पुढे संरक्षण मिळावे, असे त्याचे म्हणणे होते. त्याला तुरुंगवास झाला. तो भोगून तो सुटला, पण त्या मुलींमधला बदल त्यांच्या लेकरांपर्यंत जाऊ शकतो. त्यांना कोणी विचारले होते?

तुम्ही म्हणाल, हे चीनचे झाले, आपल्याकडे असे होणार नाही. अहो, आपल्याकडे होऊन गेले! गर्भजल परीक्षा आली ती गर्भातले दोष ओळखायला. आम्ही तिच्यात काय शोधले? मुलगी. १९८८ मध्ये महाराष्ट्राला देशात पहिल्यांदा त्यावर कायदा करावा लागला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. साधन उपचाराचे होते, हात निवडीचे निघाले. त्या हातांत टाळही होते, हे आपण विसरू नये.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. लस रोग टाळते. चष्मा अधू डोळ्याला आधार देतो आणि काढूनही ठेवता येतो. गर्भात कोरलेली आईबापांची हौस लेकराला काढून ठेवता येत नाही. सीमारेषा कधी कधी पुसट असते, हे मान्य. वाढीच्या संप्रेरकाचे इंजेक्शन एका मुलाला औषध असते आणि दुसऱ्याला नुसती शेजाऱ्याशी स्पर्धा. अशा वेळी एकच विचारावे : इथे कण्हते आहे कोण? लेकरू कण्हत असेल, तर उपचार करा. बापाचा अहंकार कण्हत असेल, तर उपचार बापाला हवा.

कूर्मदासांची कथा आठवा. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून पोटावर सरपटत पंढरीकडे निघाला. लऊळला त्याचे बळ संपले, तेव्हा विठ्ठलच त्याच्या भेटीला गेला. आज कूर्मदास असते तर त्यांना कृत्रिम पाय जरूर द्यावेत. पण "असा जन्मूच नये" असे म्हणणाऱ्याला दिंडीत कुठे उभे करायचे?

कीर्तनकार बंधूंनो, हा विषय डॉक्टरांवर सोडून चालणार नाही. मुलगी नाकारली जात होती तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण गप्प बसले. आता तरी बोला. आणि आईबापहो, लेकरू मागा, त्याच्यासाठी औषध मागा, पण विठ्ठलाकडे मापाची यादी घेऊन जाऊ नका.

रामकृष्ण हरी.