राखणीचा कुत्रा आणि शिकारीचे हाड

माण, खटाव, आटपाडी व जत या तालुक्यांत मेंढ्यांच्या कळपामागे कुत्रा असतोच. पाटण व शिराळा तालुक्यांच्या डोंगराकडील शेतांवर तोच रात्री रानडुकरांची चाहूल देतो. अशा उपयुक्त जनावरापुढे कोणते हाड टाकावे, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

पूर्वी डोंगरी गावांत रानडुकराची वा सशाची शिकार झाली की मांस माणसांचे आणि हाडे व आतडी कुत्र्यांची, असा रिवाज होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही वाट बंद केली. परवान्याविना शिकार हा गुन्हा आहे. रानात मेलेले वन्य जनावरही शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे हाड घरी आणणे हाही गुन्हाच होय. अर्थात कुत्रा कायदा जाणत नाही. रानात पडलेला सांगाडा तो हुंगत जाऊन ओढून आणतो, आणि रानडुकरांसाठी चोरून ठेवलेला स्फोटक गोळा तोंडात धरून प्राणासही मुकतो. म्हणून डोंगरालगतच्या शेतांवर रात्री कुत्रा मोकाट सोडू नये.

आता घरच्या मटणाकडे वळू. शिजलेले हाड मऊ होते व म्हणून निर्धोक असते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. शिजल्याने हाड ठिसूळ होते, त्याच्या टोकदार कपच्या उडतात व त्या घशात अडकतात किंवा आतडे फाडतात. कोंबडीची हाडे यात सर्वांत वाईट. कच्चे हाड त्या मानाने कमी फुटते. परंतु त्याला चिकटून येणारे जंतू व कृमी हा निराळाच धोका आहे.

त्यांतील सर्वांत मोठा धोका हाडात नसून त्याच्यासोबत फेकल्या जाणाऱ्या काळजात व फुप्फुसांत असतो. मेंढ्या, शेळ्या व गुरांच्या या अवयवांत कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. त्या हायडॅटिड रोगाच्या होत. अशी गाठ कुत्र्याने खाल्ली की त्याच्या आतड्यात बारीक फीतकृमी वाढतात. कुत्रा धडधाकटच दिसतो, आणि खरी अडचण तीच आहे. सुमारे सहा-सात आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून कृमींची अंडी पडू लागतात. ती चाऱ्यावर, पाण्यात व कुत्र्याच्या केसांवर राहतात. कुत्र्याला कुरवाळून हात न धुता भाकरी खाणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली, तर काही वर्षांनी त्याच्या यकृतात तशीच गाठ वाढते. पुष्कळदा ती शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

आइसलंडमध्ये हा रोग एके काळी घरोघर होता. डॅनिश वैद्य हाराल्ड क्राबे १८६३ साली तेथे गेले, आणि १८६४ मध्ये त्यांनी लिहिलेली साधी पुस्तिका घरोघर वाटण्यात आली. १८६९ मध्ये कुत्र्यांविषयी कायदाही झाला. आजच्यासारखे खात्रीचे औषध तेव्हा नव्हते, तरी पुढे त्या बेटावरून रोग नाहीसा झाला. मेंढपाळाला कारण नीट पटवून दिले तर तो ऐकतो, हे यावरून दिसते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नुसती सूचना फलकावर लावून थांबणे म्हणूनच पुरेसे वाटत नाही. गाठ असलेले काळीज एकदा मेंढपाळाला प्रत्यक्ष दाखवावे. शंभर भाषणांचे काम तेवढ्याने होते.

कुत्र्याला मटणाचा लाभ द्यावयाचाच असेल, तर हाडे कांदा, लसूण व मिठाविना उकळून त्यांचा रस भाकरीवर घालावा आणि हाडे पुरून टाकावीत. काळीज वा फुप्फुस द्यावयाचे झाल्यास बारीक तुकडे करून किमान अर्धा तास खदखदा उकळावे. गाठी दिसल्यास मुळीच देऊ नये. शिवाय कळपाच्या कुत्र्याला पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वजनाप्रमाणे प्रॅझिक्वान्टेल द्यावे. रोग असलेल्या भागात दर सहा आठवड्यांनी ते देणे इष्ट. औषधानंतर दोन दिवस कुत्रा बांधून ठेवावा व त्याची विष्ठा जाळावी अथवा खोल पुरावी. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात आणि औषधाचा निम्मा उपयोग वाया घालवतात.

जत्रेच्या दिवसांत गावात पुष्कळ बकरी कापली जातात. टाकाऊ अवयवांसाठी झाकण असलेला खोल खड्डा ग्रामपंचायतीने जत्रेपूर्वीच खणून ठेवावा. जत्रा उलगडल्यावर खणायला घेतला, तर तोवर कुत्र्यांचे काम झालेले असते.