पिशवी काढली, पण हाडांचे काय?

मागच्या महिन्यात आम्ही एका वस्तीतल्या बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. बोलणे दातांच्या दुखण्यावर आले. एक ताई पुढे झाल्या. वय 42, पण खालचे चार दात हलत होते आणि दोन पडलेले.

"मिश्रीनं खाल्ले माझे दात," त्या म्हणाल्या.

आम्ही विचारले, "ताई, पाळी चालू आहे का?"

"कुठली पाळी? पिशवी काढून बारा वर्षं झाली की!"

"पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले का?"

त्या आमच्याकडे बघतच राहिल्या. "ते मला कुणी सांगितलंच नाही. कागद होता, तोही घर बदलताना गेला."

दात आणि पिशवी यांचा काय संबंध, असे वाचकांना वाटेल. म्हणूनच आज हा विषय घेतला आहे.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. जुने हाड खरवडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे भरणाऱ्या पेशी जन्मभर कामावर असतात. बाईच्या बीजांडकोशात, म्हणजे दवाखान्याच्या भाषेत ओव्हरीत, इस्ट्रोजेन नावाचा रस तयार होतो. तो खरवडणाऱ्या पेशींना आवर घालतो. तो आटला की खरवडणे वाढते आणि भरणे मागे पडते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही बायकांच्या हाडांचा पाचवा हिस्साही झिजून जातो. पाळी जाणे आणि मणके खचणे यांचा हा संबंध अमेरिकेतील बोस्टनच्या डॉ. फुलर अल्ब्राइट यांनी 1941 सालीच मांडला होता.

ही झीज दुखत नाही. पाठीला बाक येतो, उंची कमी होते, आणि एक दिवस मोरीत पाय घसरल्याचे निमित्त होऊन मनगट किंवा खुब्याचे हाड मोडते. तेव्हा कळते.

जबडाही हाडच आहे. दात ज्या खाचेत रोवलेला असतो ते हाड आतून जाळीदार असते आणि त्याची मोडतोड-भरती सतत चालते. इस्ट्रोजेन कमी झाले की तेही विरळ होऊ लागते. नुसत्या तेवढ्याने दात पडत नाहीत. दातांवर साचलेली कीटण आणि सुजलेल्या हिरड्या हेच मुख्य कारण. पण हाड आधीच कमजोर असेल तर तोच हिरड्यांचा रोग लवकर खोल जातो. दात पडल्यावर जबड्याची कड आणखी झिजते आणि कवळी नीट बसत नाही. त्यात मिश्री म्हणजे तंबाखूच. ती हिरड्या बिघडवते आणि हाडांनाही मारक ठरते. त्या ताईंचे म्हणणे खोटे नव्हते, अर्धेच होते.

आपल्याकडे पाळी साधारण 46-47 व्या वर्षी जाते. पण दोन्ही बीजांडकोश काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते, मग वय 30 का असेना. नुसती पिशवी काढली आणि बीजांडकोश ठेवले, तरी काही जणींचे बीजांडकोश लवकर थकतात. पाळी नसल्याने ते कळतही नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न 2019 साली गाजला. शासनाच्या समितीने सुमारे 82 हजार बायकांची पाहणी केली. त्यांत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक! नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीच्या दुखण्याने बाई घरी राहिली तर खाड्याचा दंड. मग अंगावरून जाण्यावर किंवा ओटीपोट दुखण्यावर 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला पटकन पटतो. दंड वाचतो, पण तीच बाई पुढची वीस वर्षे डोक्यावर मोळी वाहणार असते, आणि तीही त्याच मणक्यांवर.

तेव्हा भगिनींनो, एवढे कराच. कुणी पिशवी काढा म्हणाले तर औषधाने भागेल का ते विचारा आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. बीजांडकोश काढणार की ठेवणार, का काढणार, हे सही करण्यापूर्वी विचारा. डिस्चार्जचा कागद रेशनकार्डासारखा जपा.

ज्यांचे बीजांडकोश 45 च्या आत गेले त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या गोळ्यांविषयी विचारावे. पाळी आपोआप जाण्याच्या वयापर्यंत त्या पुष्कळांना देता येतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गाठींचा त्रास झालेल्यांनी मात्र तसे आधी सांगावे. हाडांची घनता मोजायची डेक्सा नावाची तपासणी असते, तिच्याविषयीही विचारावे.

पाळी गेलेल्या बाईला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम असते. शेवग्याचा पाला, दूध-दही, काट्यासकट खाल्लेली सुकट हेही आपल्या ताटातलेच. सोबत अंगावर ऊन घ्या, चाला, आणि मिश्री सोडा.

हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचे इंजेक्शन चालू असेल तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्याला जरूर सांगा. क्वचित कुणाची जबड्याची जखम भरत नाही. पण औषध आपल्या मनाने बंद करू नका.

पुरुषांनीही पान उलटू नये. प्रोस्टेटच्या कर्करोगात पुरुषाचे हार्मोन बंद करतात, तेव्हा त्यांचीही हाडे अशीच झिजतात.

त्या ताईंना आम्ही सोनोग्राफी करून घ्यायला सांगितले आहे. बीजांडकोश आहेत की नाहीत, हे निदान आता तरी त्यांना कळू दे. तुमच्या घरात कुणाची पिशवी काढली असेल तर आज संध्याकाळी तो कागद शोधा आणि शिकलेल्या लेकीकडून वाचून घ्या.