मित्राला युरोप दाखवायचा. पण तिकीट स्वस्त, कागद महाग!

माण (ता. मुळशी) : हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माण गावाच्या शिवारात उभा आहे. माण ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रो मार्गिकेचे एक टोकही येथेच आहे. काचेच्या इमारती आणि भाताची खाचरे यांच्यामध्ये येथे कित्येकदा एका रस्त्याचेच अंतर असते. या गावात एकाच शाळेत शिकलेल्या दोन मित्रांची कल्पना करावी. एक अभियंता झाला, तिसऱ्या टप्प्यातील कंपनीत नोकरीला लागला आणि गेल्या तीन वर्षांत कामानिमित्त दोनदा जर्मनीला जाऊन आला. दुसऱ्याच्या घरची काही जमीन औद्योगिक क्षेत्रासाठी गेली. उरलेल्या जमिनीत तो भात पिकवतो आणि घरामागे बांधलेल्या खोल्या भाड्याने देतो. पहिल्याने दुसऱ्याला शब्द दिला आहे, 'एकदा तुला माझ्या खर्चाने युरोप दाखवीन.'

ही जोडी काल्पनिक असली, तरी अशी मैत्री आणि असा शब्द या पट्ट्यात अपरिचित नाही. हिंजवडीपासून चाकणपर्यंत युरोपीय कंपन्यांशी रोजचा व्यवहार असलेले हजारो तरुण आहेत. त्यांच्यासाठी युरोप ही आता अप्राप्य गोष्ट राहिलेली नाही. पण हा शब्द पाळायला निघाल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. पैशांची जुळवाजुळव हा या सहलीचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो मित्राची पत कागदावर सिद्ध करण्याचा. आणि ही पत कोणी कोणाला भेट देऊ शकत नाही.

खर्चाचे गणित

प्रथम खर्चाकडे पाहू. २०१५ साली सत्तर रुपयांच्या आसपास असलेला युरो २०२५ मध्ये शंभर रुपयांच्या पुढे गेला. म्हणजे तेथील किमती स्थिर राहिल्या असत्या, तरी केवळ चलनामुळे सहल जवळजवळ दीडपट महाग झाली असती. त्यातच किमतीही वाढल्या आहेत. ॲमस्टरडॅममध्ये २०२४ पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे. व्हेनिसने २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडूनही शुल्क घेणे सुरू केले. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने जानेवारी २०२६ पासून युरोपबाहेरील पर्यटकांसाठी प्रवेशशुल्क ३२ युरो केले. प्रसिद्ध शहरे गर्दीला कंटाळली आहेत आणि दूरच्या पाहुण्याकडून अधिक पैसे घेण्यात त्यांना संकोच वाटेनासा झाला आहे.

त्यामुळे बेताच्या पैशांत जायचे तर पॅरिस-ॲमस्टरडॅमचा हट्ट सोडून बुडापेस्ट, प्राग, क्राकूव्ह अशा शहरांकडे वळणे शहाणपणाचे ठरते. उदाहरणादाखल बुडापेस्टला चार रात्री आणि रेल्वेने सुमारे पावणेतीन तासांवर असलेल्या व्हिएन्नात दोन रात्री, असा बेत धरू. एक युरो १०५ रुपये मानला, तर दोघांचा ढोबळ हिशेब असा होतो : मुंबईहून हंगामाबाहेरचे विमानभाडे प्रत्येकी ५५ हजार धरून १ लाख १० हजार, व्हिसा, सेवाशुल्क आणि विमा मिळून सुमारे २६ हजार, ६५ युरो दराने सहा रात्रींची खोली ४१ हजार, जेवण व शहरातील प्रवासासाठी प्रत्येकी रोज ३५ युरो, म्हणजे सात दिवसांचे ५१ हजार, रेल्वे आणि प्रवेशशुल्के १६ हजार. एकूण रक्कम २ लाख ४४ हजारांच्या घरात जाते. हीच सहल पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमला करायची, तर केवळ खोली आणि जेवण यांच्या फरकाने ती तीन लाखांपुढे जाईल.

वेळ कोणती निवडावी, याचेही उत्तर गावातच आहे. मुळशीतील भाताची कापणी दिवाळीच्या सुमारास उरकत येते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध हा युरोपातही मंदीचा काळ असतो. दिवस लहान आणि थंडी कडक हे खरे. परंतु उन्हाळ्याच्या तुलनेत भाडी उतरलेली असतात आणि महिन्याच्या मध्यापासून व्हिएन्ना व बुडापेस्टच्या चौकांत नाताळचे बाजार भरू लागतात. पुण्यातून युरोपला जायचे तर मुंबई गाठणे किंवा मध्ये विमान बदलणे भाग आहे. लुफ्थान्साने २००८ मध्ये पुणे-फ्रँकफुर्ट सेवा सुरू केली होती, पण ती पुढे बंद पडली.

थोडक्यात, मित्राच्या वाट्याचा खर्च सव्वा लाखाच्या आत बसतो. चांगली नोकरी असलेल्या अभियंत्याला वर्षभराच्या बचतीतून तो झेपण्यासारखा आहे. अडचण यापुढे सुरू होते.

मैत्रीला रकाना नाही

शेंगेन गटात आता २९ देश आहेत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ८० वरून ९० युरो झाले. अर्ज फेटाळला गेला तरी हे शुल्क परत मिळत नाही. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि त्यांपैकी १ लाख ६५ हजारांवर अर्ज नाकारले गेले. शंभरातील पंधरा अर्जदारांना नकार हे प्रमाण जागतिक सरासरीएवढेच आहे, त्यामुळे भारतीयांवर विशेष राग आहे असे म्हणता येत नाही. मात्र सरासरीच्या आड एक गोष्ट झाकली जाते. नियमित पगार, विवरणपत्र आणि आधीचा परदेश प्रवास ज्याच्यापाशी आहे त्याचा अर्ज आणि यांपैकी काहीच नसलेल्याचा अर्ज एकाच तागडीत तोलले जात असले, तरी दोघांची वजने सारखी नसतात.

व्हिसा अधिकारी मुख्यतः तीन गोष्टी पाहतो : प्रवासाचे कारण पटते का, खर्चाची सोय आहे का आणि अर्जदार मुदत संपण्यापूर्वी परत येईल का. अर्जात खर्च कोण करणार हे सांगण्याची जागा असते आणि तेथे स्वतःऐवजी प्रायोजक दाखवता येतो. तेव्हा मित्राने मित्राचा खर्च करणे नियमबाह्य मुळीच नाही. प्रायोजकाचे पत्र, त्याचे बँक खात्याचे उतारे आणि विवरणपत्रे जोडावी लागतात. पण यातून तीनपैकी एकाच प्रश्नाचे उत्तर मिळते. अर्जदार परत का येईल, हे अभियंत्याच्या पगारपत्रकावरून सिद्ध होत नाही. शिवाय पती, पत्नी, आईवडील किंवा अपत्य यांचा खर्च करण्याचे कारण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शाळेतल्या मित्राचा खर्च कोणी का करील, हे मात्र परक्या अधिकाऱ्याला पत्रात पटवून द्यावे लागते.

येथे माणमधील दुसऱ्या मित्राची अडचण स्पष्ट होते. तो गरीब नाही. खोल्यांचे भाडे येते, जमीन आहे, घर आहे. परंतु भाडे रोखीत येते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्र भरण्याची सवय घरात कोणालाच नाही. त्याची खरी संपत्ती आहे ती जमीन, तिला परत येण्याचे कारण म्हणून मोठी किंमत आहे, पण ती सातबारा उताऱ्यावर मराठीत नोंदलेली आहे. नोकरदाराचे सारे आयुष्य कंपनीच्या एका पत्रावर मावते; शेतकऱ्याला तेच सांगण्यासाठी सातबारा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ठेवींच्या पावत्या आणि या सर्वांचे इंग्रजी भाषांतर एवढा गठ्ठा लागतो.

खात्यात पैसे टाकण्याचा मोह

यावर एक सोपा उपाय सर्रास सुचवला जातो. मित्राच्या खात्यात लाख-दीड लाख भरावेत, म्हणजे त्याच्या नावावर शिल्लक दिसेल. हा उपाय दोन बाजूंनी अंगलट येऊ शकतो. बँकेचा उतारा काही महिन्यांचा पाहिला जातो, तेव्हा अर्जाच्या तोंडावर अचानक जमा झालेली मोठी रक्कम विश्वास वाढवण्याऐवजी संशय वाढवते. दुसरी बाजू प्राप्तिकराची. कायद्याच्या लेखी मित्र हा 'नातेवाईक' नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा अधिक रक्कम भेट मिळाली, तर ती संपूर्ण रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. एकूण उत्पन्न कमी असल्यास प्रत्यक्ष कर द्यावा लागणार नाही. पण ती हिशेबात दाखवणे आले. त्यापेक्षा विमानाचे तिकीट आणि हॉटेल अभियंत्याने थेट स्वतःच्या खात्यातून भरावे आणि अर्जात तसे स्पष्ट सांगावे, हे अधिक सरळ आहे.

सहल कंपनीचे पॅकेज घ्यायचे, तर आणखी एक मुद्दा येतो. ऑक्टोबर २०२३ पासून परदेशी सहलींच्या पॅकेजवर सात लाखांपर्यंत पाच टक्के आणि त्यापुढे वीस टक्के कर आगाऊ वसूल केला जाऊ लागला. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात हा दर सरसकट दोन टक्के करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. ही रक्कम विवरणपत्र भरून समायोजित करता येते किंवा परत मिळते. मात्र त्यासाठी ती विवरणपत्र भरणाऱ्याच्याच पॅनवर जमा व्हायला हवी. मित्राच्या नावाने पॅकेज घेतले आणि त्याने विवरणपत्र भरले नाही, तर ती रक्कम अडकून पडते.

आहे रे आणि नाही रे

युरोपीय आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी व्हिसाचे नियम सैल केले. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून ते नियमानुसार वापरणाऱ्यास दोन वर्षांचा, अनेकदा ये-जा करता येणारा व्हिसा देण्याची तरतूद झाली. त्यापुढे पाच वर्षांचाही मिळू शकतो. या निर्णयाचे येथे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. पण लाभ कोणाला होतो, हे पाहिले पाहिजे. आपल्या उदाहरणातील अभियंता कंपनीच्या कामासाठी दोनदा जाऊन आल्यामुळे या सवलतीस पात्र ठरतो. म्हणजे ज्याचा पहिला प्रवास दुसऱ्याच्या खर्चाने आणि दुसऱ्याच्या पत्रावर झाला, त्याची वाट आणखी सुकर झाली. त्याचा मित्र मात्र पहिल्याच पायरीवर आहे आणि त्या पायरीची उंची तसूभरही कमी झालेली नाही. ज्या जमिनीवर कंपनी उभी राहिली, ती देणाऱ्या घरातील मुलाला कंपनीचे पत्र मिळत नाही, हा योगायोग कटू आहे. त्यात युरोपीय दूतावासांचा दोष नाही; त्यांना हा इतिहास ठाऊक असण्याचे कारण नाही.

म्हणून मित्राला खरोखर युरोप दाखवायचा असेल, तर भेटीची सुरुवात तिकिटापासून न करता एक-दोन वर्षे आधी करायला हवी. भाडे रोखीऐवजी खात्यात घ्यायला लावणे, विवरणपत्र भरायला लावणे, खात्यात स्वतःच्या कमाईची थोडी शिल्लक साठू देणे ही खरी मदत आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत पंधरा दिवसांची असली, तरी ती पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकते. अर्ज त्या देशाकडे करावा लागतो जेथे मुक्काम सर्वाधिक आहे; वरील बेतात तो हंगेरीकडे जाईल. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा अनिवार्य आहे. परत न मिळणारे तिकीट व्हिसा हाती येईपर्यंत काढू नये. खोटी आरक्षणे आणि उसनी शिल्लक दाखवणाऱ्या दलालांपासून तर चार हात दूर राहावे. नकाराची नोंद युरोपीय व्हिसा प्रणालीत पाच वर्षे राहते, आणि ती मित्राच्या नावावर राहते, दलालाच्या नव्हे.

एवढे करूनही नकार येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण नकार आला तरी खात्यात दिसणारे उत्पन्न, भरलेले विवरणपत्र आणि व्यवस्थित लावलेली कागदपत्रे मित्रापाशी राहतात. घरकर्जापासून मुलांच्या शिक्षणापर्यंत ती पुढे उपयोगी पडतात. बुडापेस्टची सहल सात दिवसांत संपेल. मित्राच्या नावावर उभी राहिलेली ही पत मात्र त्याच्याकडेच राहील.