चौपटीने परतफेड

पाडव्याला व्यापारी नवी वही पूजतो. जुन्या वहीतली देणी त्यामुळे बुडत नाहीत, ती पुढच्या पानावर ओढावी लागतात. ख्रिस्ती श्रद्धेतल्या पश्चात्तापाबद्दल बोलताना नेमकं हेच निसटतं. देवानं क्षमा केली, आता मागचं उकरायचं नाही, असं आपण सहज म्हणून जातो. ज्याचं नुकसान झालं तो मात्र तिथेच उभा असतो. यंदाच्या अंकासाठी ‘परतीची वाट’ हा विषय घेताना आमच्या डोळ्यांसमोर तोही माणूस होता.

देवाच्या दयेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या पुत्र घरी निघतो तेव्हा त्यानं बापापुढे म्हणायचं सगळं मनाशी जुळवून ठेवलेलं असतं. मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मोलकऱ्यांपैकी एकासारखं ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो आणि धावत सुटतो. मुलाचं बोलणं ‘लायक नाही’ इथवर येतं, मोलकऱ्याची विनवणी ओठांवर येण्याआधीच झगा, अंगठी, पायतणं आणण्याचा हुकूम सुटतो. आपल्या दारात मुलाला मोलकरी म्हणून उभं करण्याचा विषयच बापाला नको आहे.

याच लूकनं यरीहोच्या जक्कयाची हकिकतही सांगितली आहे. ती प्रवचनांत बहुधा लहान मुलांच्या वाट्याला जाते, याचं मला वाईट वाटतं. जक्कय मुख्य जकातदार, रोमी सत्तेसाठी कर उकळून गबर झालेला. गर्दीत येशू दिसेना म्हणून हा ठेंगणा माणूस उंबरावर चढला. येशूनं वर पाहून त्याला नावानं हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरायचं आहे, असं सांगितलं. अट घातली नाही की कबुली मागितली नाही. पाहुणा आधी घरात आला, मग जक्कय उठून उभा राहिला: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट परत. मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून गुन्हा कबूल करणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढीच भरपाई होती. चौपट भरायची ती मेंढरू चोरून कापणाऱ्यानं किंवा विकणाऱ्यानं. सवलतीचा मार्ग खुला असताना जक्कयानं चोराचा दंड स्वतःला लावून घेतला. दया आधी आली नसती तर एवढं बळ त्याच्यात कुठून येतं?

येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतानंही त्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी परत केलीच होती. पस्तावा त्यालाही झाला होता. तो येशूकडे मात्र परतला नाही. शिष्य पेत्र येशूला तीनदा नाकारून रडला आणि तरी परतला.

परतीला किती काळ लागतो, हे जॉन न्यूटनच्या आयुष्यात दिसतं. १७४८ च्या मार्चमध्ये अटलांटिकच्या वादळात जहाज बुडायच्या बेतात असताना या इंग्रज खलाशानं देवाचा धावा केला, आणि तो आपला पुनर्जन्म मानला. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला! रविवारी खलाशांना जमवून प्रार्थना चालवायची आणि खाली तळघरात माणसं साखळदंडात ठेवायची, असं १७५४ पर्यंत चाललं. त्या सफरींत देवाशी फार गोड सहवास लाभला, असं त्यानंच पुढे लिहून ठेवलं. १७५४ मध्ये त्यानं समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. पुढे तो धर्मगुरू झाला, जगभर गायलं जाणारं ‘अमेझिंग ग्रेस’ त्यानंच लिहिलं.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली ती १७८८ मध्ये. दोघादोघांना हातापायांनी एकत्र जखडलेलं असायचं आणि सकाळी जिवंत माणूस मेलेल्याला बांधलेला सापडायचा, हे त्यानं तिच्यात लिहिलं. आपली कबुली फार उशिरा येते आहे, हेही त्यानं लपवलं नाही. पुढे संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. १८०७ मध्ये ब्रिटनमध्ये हा व्यापार कायद्यानं बंद झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला. वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षं. इतकी वर्षं देव त्याच्यासाठी थांबला, या विचारानं माझं मन भरून येतं. मात्र तेवढ्या काळात त्या तळघरांतून किती माणसं नेली गेली, हेही विसरता येत नाही.

१९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथात हे स्पष्ट आहे. पापक्षमेनं पाप जातं, पण पापानं झालेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत द्यावं लागतं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा स्वच्छ करावं लागतं. संस्थेलाही हे लागू आहे. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस कॅनडातल्या मास्क्वाचीस इथे गेले आणि मूळनिवासी मुलांवर निवासी शाळांत झालेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. ही केवळ पहिली पायरी आहे, असंही ते म्हणाले.

आपल्याकडे भारतीय कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेनं डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं आणि चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केलं. तामिळनाडूत तर दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली. महाराष्ट्रातही बाप्तिस्म्याला पिढ्या उलटल्या तरी सोयरीक जुळवताना आधीची जात हळूच विचारली जाते, हे प्रत्येक मराठी ख्रिस्ती कुटुंबाला ठाऊक आहे. ज्यांना आपण असं दूर ठेवलं त्यांची चौपट भरपाई कशी करायची? मंडळीतल्या जागा, शाळेतले प्रवेश, निर्णयाच्या बैठकीतल्या खुर्च्या, कुठून सुरुवात करावी? या प्रश्नावर वाचकांनी, विशेषतः ज्यांना हे सोसावं लागलं त्यांनी लिहावं. पुढचे अंक त्यासाठी मोकळे ठेवले आहेत.