"झोपलास कशाला?"

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक ट्रक ड्रायव्हर ट्रिप संपवून घरी आला, तो दीड महिन्याचा पगार गमावूनच. गाडीत साखर होती. रात्री अडीच वाजता त्याने ढाब्याजवळ गाडी लावली आणि केबिनमध्ये आडवा झाला. पहाटे उठून बघतो तर मागची ताडपत्री ब्लेडने फाडलेली आणि अकरा पोती गायब. फोनवर मालकाने एकच प्रश्न विचारला, "झोपलास कशाला?"

मित्रांनो, हा प्रश्न नीट ऐका. हा माणूस आदल्या दिवशी सकाळी साडेसातपासून स्टेअरिंगवर होता. म्हणजे एकोणीस तास. "उठलास कधी?" हे कुणी विचारले नाही. पोती गेली म्हणून झोप गुन्हा ठरली. तो झोपला नसता आणि गाडी दुभाजकावर चढली असती, तर हाच मालक पोलिसांना म्हणाला असता, "झोपला नाही म्हणून डुलकी लागली." ड्रायव्हर झोपला तरी दोषी, जागा राहिला तरी दोषी.

सुरक्षेचे सल्ले सगळ्यांना पाठ आहेत. गाडी उजेडात, पेट्रोल पंपावर लावा. डिझेलच्या टाकीला कुलूप घाला. सीलचा नंबर आणि भरलेल्या मालाचा फोटो काढून ठेवा. अनोळखी माणसाने दिलेला चहा पिऊ नका. मध्यरात्रीनंतर डोळे जड झाले की थांबा. हे सल्ले खोटे नाहीत. ते पाळलेच पाहिजेत, कारण त्यात आपल्या माणसाचा जीव आहे. पण त्यांची किंमत कोण मोजतो? पंपावर गाडी लावायचे पैसे ट्रिपच्या भत्त्यात धरलेले नसतात. थांबावे तर "माल उशिरा पोचला" म्हणून भाडे कापतात, आणि ते मालक ड्रायव्हरकडून वसूल करतो. क्लीनर परवडत नाही म्हणून काढून टाकलेला. मग गाडी चालवायची, राखायची आणि झोपायचे, ही तिन्ही कामे एकाच देहाने कशी करायची?

२०१८ साल आठवा. त्या वर्षी केंद्र सरकारने ट्रकची भारक्षमता वाढवली. तीन ॲक्सलच्या गाडीचे एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. त्याच वर्षी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन ड्रायव्हर असलेच पाहिजेत ही सक्तीही काढून टाकली. ओझे वाढले आणि माणूस कमी झाला. याला त्यांनी सुधारणा म्हटले. आम्ही याला शोषण म्हणतो.

कायदा नाही असे नाही. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास. लांब पल्ल्याच्या गाडीला सवलत धरली तरी दिवसाला दहा तास. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच. म्हणून एक गाडी स्वतःच्या, एक बायकोच्या, एक भावाच्या नावावर, आणि कायदा फाटकाबाहेर. २०२० च्या संहितेत हा कायदा मिसळला, तेव्हा पाचाची अट दहा झाली. पळवाट बुजवायची सोडून तिचा महामार्ग केला.

आता त्या अकरा पोत्यांकडे येऊ. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याने माल हरवल्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्याच्या दृष्टीने वाहतूकदारावर टाकली आहे, ड्रायव्हरवर नाही. आणि पगारातून कपात करायची असेल तर १९३६ च्या वेतन कायद्यापासून नियम स्पष्ट आहे: नुकसान कामगाराच्या थेट हलगर्जीपणामुळे झालेले असावे आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडायची संधी मिळावी. २०१९ च्या वेतन संहितेतही ही संधी कायम आहे. आमच्या ड्रायव्हरला कुणी काही विचारले? फोनवरच न्यायनिवाडा झाला. ओव्हरलोडचेही तसेच. काट्यावर हात जोडून उभा असतो ड्रायव्हर. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ११३ प्रमाणे, ड्रायव्हर मालक नसेल तर जादा माल मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरला असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे कलम किती ड्रायव्हरांना माहीत आहे? आणि आपल्यातल्या किती वकिलांनी ते त्यांना सांगितले आहे?

अपघात झाला तर गोष्ट आणखी भयंकर. "पळून गेला" हा शिक्का लगेच बसतो. गर्दी आधी मारते, मग नाव विचारते, आडनाव कळले की पुन्हा मारते. आपल्या पोरांना ही भीती कुणी शिकवावी लागत नाही. कलम १३४ जखमीला दवाखान्यात न्यायला सांगते, पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर अपवादही मान्य करते. मात्र जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत खबर द्यावी लागते. म्हणून पळायचेच झाले तर पोलीस ठाण्याकडे पळा. घराकडे नको.

जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध देशभर ड्रायव्हर रस्त्यावर उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीत इंधनाचे टँकर थांबले, तेव्हा दोन दिवसांत शहरांना कळले की आपले पोट कुणाच्या झोपेवर चालते. सरकारला ती तरतूद थांबवावी लागली.

त्याच मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. पुढे मजूरमंत्री म्हणून त्यांनीच कारखान्यांतला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली मांडले. आज आपण आठ तासांच्या पोस्ट फॉरवर्ड करतो आणि आपल्याच गल्लीतला भाऊ एकोणीस तास गाडी हाकतो.

चळवळीला माझा प्रश्न इथे आहे. आपले मेळावे नोकरदारांचे, मागण्या अनुशेषाच्या. त्या हव्यातच. पण दहावी नापास होऊन लायसन्स काढलेला पोरगा आपल्याला जयंतीच्या मिरवणुकीला गाडी लागते तेव्हाच आठवतो. तो आंबेडकरी कार्यकर्ता नाही का? त्याची झोप हा आंबेडकरी प्रश्न नाही का?

येत्या जयंतीला प्रत्येक तालुक्यात एक काम करू. ड्रायव्हरांची नोंद करू. प्रत्येकाला एक वही देऊ: गाडी कधी सुटली, कधी थांबली, सील नंबर काय, बिल्टीवर वजन किती, काट्यावर किती. पगार कापला की वहीसकट कामगार आयुक्तांच्या कार्यालयात त्याच्यासोबत जाऊ. एकटा गेला तर दारातूनच परत पाठवतात. वीस जण गेले तर खुर्ची देतात.

आमच्या ड्रायव्हरचा अर्ज लिहून झाला आहे. तारीख मिळाली की आम्ही सगळे जाणार आहोत. तिथे मालकाला आम्ही एवढेच विचारू: साहेब, माणूस झोपणार कधी?

जय भीम.