टांगा, मीटर आणि ॲप : भाडे ठरवतो कोण?

आजचा धागा किल्ल्यांचा नाही आणि ताम्रपटांचाही नाही. तो नाशिकच्या भाड्याच्या वाहनांचा आहे. ॲपवर टॅक्सी आणि रिक्षा चालवणाऱ्यांच्या तक्रारी आपण रोज ऐकतो आणि त्या आजच्या म्हणून सोडून देतो. माझ्या मते त्यांचे मूळ दीडशे वर्षांहून जुने आहे.

प्रारंभ नाशिक रोडपासून करू. १८६०च्या दशकात येथे रेल्वे आली, पण स्थानक उभे राहिले ते गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर. गोदास्नानाला आलेला यात्रेकरू गाडीतून उतरे तेव्हा रामकुंड अजून लांबच असे. ही उरलेली वाट टांग्याची. भाडे घासाघिशीने ठरे. ओझे, ऊन आणि परका मुलूख यांमुळे सौद्यात टांगेवाल्याचे पारडे सहसा जड. मात्र परतीची फेरी रिकामी गेली तर घोड्याचा चारा त्याच्याच खिशातून.

१८८९ साली घोड्यांनी ओढली जाणारी ट्राम सुरू झाली. नाशिक रोड ते मेनरोडवरील जुनी नगरपालिका हा तिचा मार्ग. (होय, नाशिकला ट्राम होती. अनेक नाशिककरांना हे आजही खरे वाटत नाही.) मार्ग ठरलेला, तिकीट ठरलेले; घासाघिशीला जागाच नाही. १९३०च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली आणि शहर पुन्हा सुट्या सौद्यांकडे वळले.

मुंबईने तोवर निराळी वाट धरली होती. भाड्याच्या वाहनांसाठी तेथे १८६३ सालीच कायदा झाला आणि परवाना व दर हे सरकारी नियमनाचे विषय ठरले. सरकारी दर म्हणजे न्याय्य दर, असे मात्र समजू नका. १८५३ साली लंडनमध्ये कायद्याने घोडागाड्यांचे भाडे मैलामागे आठ पेन्सवरून सहा पेन्सवर आणले, तेव्हा गाडीवानांनी जुलै महिन्यात संप करून शहर पायी चालायला लावले. पण त्या संपकऱ्यांना एक गोष्ट पुरती ठाऊक होती : दर किती कमी झाला आणि तो कोणी कमी केला. भांडायला समोर संसद होती.

पुढे १८९१च्या सुमारास जर्मनीत फ्रीडरिश ब्रून यांनी टॅक्सीमीटर घडवला. मुंबईत मोटार टॅक्सी १९११ साली आली. मीटरकडे आपण यंत्र म्हणून पाहतो. वास्तविक तो एक करार आहे. चालक आणि प्रवासी या दोघांना एकाच क्षणी एकच आकडा दिसतो, आणि त्या आकड्यामागचा दर जाहीर असतो. लबाडी त्यातही होई, पण ती तपासता येई.

नाशिकच्या रिक्षांनी हा करार मनापासून कधी पाळला नाही. सीबीएस, शालिमार, नाशिक रोड या थांब्यांवर सीटप्रमाणे भाडे किंवा तोंडी सौदा हीच रीत राहिली. मीटर बहुधा शोभेचा. स्पष्ट लिहितो, ॲपला या शहराचे दार उघडून दिले ते या सवयीने. आधीच आकडा सांगणारे कोणीतरी आले, याचाच प्रवाशाला आनंद झाला.

तो आकडा ठरवतो कोण, हे मात्र आता चालकालाही कळत नाही. गंगापूर रोडवरून फेरी स्वीकारताना प्रवाशाला कोठे जायचे आहे, हे अनेकदा आधी उलगडत नाही. म्हणून तो फोन करतो : ‘कुठे जायचंय? कॅश की ऑनलाइन?’ प्रवासी वैतागतो. परंतु ऑनलाइन पैसे हाती यायला वेळ लागला, तर सीएनजी रोखीने भरायचा कोठून? प्रवाशापर्यंत रिकामे जाण्याचे तीन किलोमीटर कोणाच्या हिशेबात? प्रवाशाने दिलेले भाडे आणि आपल्या खात्यात आलेली रक्कम यांतली तफावत कशाची? मानांकन घसरून आयडी बंद झाला, तर दाद मागायची कोणाकडे? टांगेवाला निदान समोरच्या माणसाशी भांडू शकत होता.

कायदा या प्रश्नांमागून धापा टाकत येतो आहे. मोटार वाहन कायद्यात या कंपन्यांची व्याख्या २०१९च्या दुरुस्तीने आली. केंद्राच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा सांगितला आणि गर्दीच्या वेळचे भाडे मूळ दराच्या दीडपटीवर रोखले. २०२५मध्ये ती मर्यादा मूळ दराच्या दुपटीवर गेली. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाला या कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करा, असे बजावावे लागले. १८६३ साली भाड्याची घोडागाडी हाकणाऱ्याला जो परवाना सक्तीचा होता, तो मागण्यासाठी एवढा काळ जावा, ही गंमत इतिहासाच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावी.

‘चालक हे स्वतंत्र व्यावसायिक आहेत’ हा कंपन्यांचा नेहमीचा युक्तिवाद. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ रोजी उबरच्या खटल्यात तो फेटाळला. भाडे कंपनी ठरवते, अटी कंपनी ठरवते, फेऱ्या नाकारल्या तर शिक्षा कंपनी करते. मग स्वातंत्र्य उरते कोठे, असा त्या निकालाचा आशय. नाशिकच्या चालकाची स्थिती मला याहून वेगळी दिसत नाही. दर वाढवा ही त्याची मागणी रास्त असेलही; पण त्याआधीची मागणी अधिक मूलभूत आहे. प्रत्येक फेरीचा हिशेब उघड हवा, आयडी बंद करण्याचे कारण लेखी हवे आणि ते ऐकून घेणारा जिताजागता अधिकारी याच शहरात हवा.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. नाशिक रोडला पुन्हा तेच यात्रेकरू उतरतील, तेच ओझे घेऊन. भाडे दुप्पट होईल, तेव्हा शिव्या चालक खाईल. वाढलेल्या रकमेतले त्याच्या हाती किती पडले, हे परिवहन कार्यालयाने आत्ताच, पर्वणीची गर्दी उसळण्यापूर्वी, कंपन्यांकडून लेखी मागवावे.