विश्लेषण : कमी मेमरीच्या संगणकावर ‘टॉर’ रिले, बफर कापावा का?

इंटरनेटवर ओळख लपवण्याची गरज फक्त गुन्हेगारांना असते, हा समज चुकीचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने ‘टॉर’चे संकेतस्थळ ब्लॉक केले, तेव्हा तेथील पत्रकारांची आणि सामान्य वाचकांचीही वाट अडली.

टॉर कसे चालते?
वापरकर्त्याची माहिती सहसा तीन संगणकांमधून, म्हणजे रिलेंमधून, फिरवली जाते. पाठवणारा कोण आणि माहिती कुठे चालली, हे दोन्ही कोणत्याही एका रिलेला कळत नाही. हे रिले जगभरातील स्वयंसेवक चालवतात. सगळे रिले मोजक्या डेटा सेंटरमध्ये एकवटले तर पाळत सोपी होईल. म्हणून छोटा सर्व्हरही मोलाचा.

मेमरी कुठे खर्च होते?
रिलेला एकाच वेळी हजारो जोडण्या सांभाळाव्या लागतात. येणारी-जाणारी माहिती क्षणभर ठेवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक जोडणीमागे मेमरीत जागा देते, तोच बफर. ही जागा संपली की जोडण्या अडू लागतात.

बफर कापला तर?
टॉरमधील ‘कन्स्ट्रेन्ड सॉकेट्स’ ही सेटिंग सुरू केली, की प्रत्येक बफर ८,१९२ बाइटपर्यंत आखडता घेता येतो. या हिशेबाने ७,००० जोडण्यांचे दोन्ही दिशांचे बफर सुमारे ११५ एमबीत बसतात. पण समोरून पोच येईपर्यंत बफरभरच माहिती पाठवता येते. पोच यायला २०० मिलिसेकंद लागले, तर त्या जोडणीचा वेग सेकंदाला जेमतेम ४० केबी. शिवाय दोन रिलेंमधील एकाच जोडणीवरून अनेकांची माहिती जाते. म्हणजे वाचवलेल्या मेमरीची किंमत अनोळखी वापरकर्ते मोजतात.

मग करावे काय?
ही सेटिंग मुळात बंद असते, ते योग्यच. आधी सिस्टीमची टीसीपी मेमरीची मर्यादा वाढवावी. भाड्याच्या सर्व्हरवर तो अधिकार नसेल आणि बफरसाठी जागा नसल्याचा संदेश खरोखर येत असेल, तरच बफर कापावा. ४० एमबीपीएसपेक्षा कमी वेगाच्या रिलेलाही किमान ५१२ एमबी रॅम असावी, अशी टॉरची सूचना आहे. तेवढी नसेल तर रिलेचा हट्ट सोडून ‘ब्रिज’ चालवावा. सेन्सॉरशिपच्या देशांतील लोकांना टॉरमध्ये शिरण्यासाठी तोच आडमार्ग उपयोगी पडतो आणि त्याच्यावर भारही कमी असतो.

रखडणारा रिले लोकांना टॉरपासून दूर लोटतो. वापरणारे घटले, की उरलेल्यांना लपायला गर्दीच राहत नाही.